मूठमास्तर

मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका विद्यार्थ्याच्या बुटांकडे बघत उभे होते.

"नाडी आहे," ते म्हणाले.

"हो. मग?" त्या मुलाला काही उमजेना.

"लोखंडाचा रस उडून बुटात गेला तर नाडी सोडत बसणार का तू? तोवर पायाचा कोळसा होईल. जा, त्या पांढऱ्या रेघेच्या मागे उभा राहा. तिथूनही दिसतं."

एकेकाचे बूट तपासत ते माझ्यापर्यंत आले. माझ्या पायात साध्या चपला होत्या. "बाई, तुम्ही रेघेच्याही मागे," ते म्हणाले. "तुम्हाला काही झालं तर यांची हजेरी कोण घेणार?" मुलं हसली आणि मलाही हसू आलं. स्वतःच्या पायातले बिननाडीचे, घोट्याशी सैल बूट त्यांनी झटक्यात काढून दाखवले आणि पुन्हा चढवले. "असे हवेत. निघताना विचार करायला लागू नये."

मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात कारकून होते. दर वर्षी मुलांना एकदा, कधी दोनदा, एखादा कारखाना दाखवायला न्यावं असा नियम होता. त्या भेटींची पत्रं टाइप करायची, परवानग्या मागवायच्या, रजिस्टर ठेवायचं, हे काम माझ्याकडे होतं. त्या वर्षी वर्गात प्रथमच तीन मुली आल्या. त्यांच्यासोबत कोणी बाईमाणूस हवं म्हणून प्राचार्यांनी मला बसमध्ये बसवलं, आणि पुढे मीच जात राहिले. कारखाना म्हणजे पंपांची ओतीव कवचं करणारी फाउंड्री. लांबलचक पत्र्याची शेड, जमिनीवर घोटाभर काळी वाळू, एका टोकाला भट्टी. मास्तर तिथे साचे करायचे.

या माणसाला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकवायची जागा हवी होती. मोठी नाही, साधी निदेशकाची. ती त्यांना मिळाली नाही, आणि त्याला कारण मी झाले. बाकी जे लिहिते आहे ते त्यांची ओळख राहावी म्हणून.

त्यांचे वडील लाकडी नमुने करणारे सुतार होते. जी वस्तू ओतायची तिचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबून बाहेर काढतात आणि उरलेल्या पोकळीत रस ओततात. बापाने नमुना करायचा आणि मुलाने तो वाळूत दाबायचा, असं दोघांनी एकाच शेडमध्ये नऊ वर्षं काम केलं. मास्तर डावरे होते. साचा उचलताना उजव्या बाजूचा माणूस नेहमी त्यांच्यावर वैतागायचा. सुट्टी झाली की भुसा आणि साबण एकत्र करून ते कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि तरीही नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. एकदा एका मुलीने विचारलं, "मास्तर, हे जात नाही का?" ते म्हणाले, "जातं की. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी."

मूठमास्तर हे नाव मुलांनी ठेवलं. साच्याच्या वाळूत पाणी किती हवं, हे ते मुठीने शिकवायचे. प्रत्येकाच्या हातात वाळू द्यायची. "आवळ. जोरात. आता उघड. बोटांच्या रेघा उमटल्या का? आता मधोमध मोड." वाळूचा गोळा कडा न ढासळता स्वच्छ मोडला तर पाणी बरोबर. चुरा झाला तर कमी. तळव्याला चिकटला तर जास्त, आणि जास्त पाण्यावर रस पडला की वाफ कोंडते आणि रस उलटा उसळतो.

एका हुशार मुलाने विचारलं, "याचं मीटर नसतं का?"

"आहे की."

"कुठे आहे?"

"मॅनेजरसाहेबांच्या कपाटात. किल्ली साहेबांच्या खिशात. साहेब जेवायला. आणि वाळू इथे सुकतेय. आवळ तू."

चाळीस मुलं असली तरी चाळीस मुठी व्हायच्या. कोणी नुसतं हात लावून पुढे सरकलं तर ते त्याला मनगटाला धरून मागे आणायचे. मुलींना वाटायचं आपल्याला वगळतील. ते वगळत नसत. एक मुलगी हात मागे घेऊन म्हणाली, "मी ऑफिसात डिझाइनला जाणार आहे." त्यांनी तिच्यापुढे वाळूची पाटी धरली. "मग तर दोनदा आवळ. तू कागदावर जे काढशील ते वाळूतून निघायला हवं. नाही निघालं तर आम्ही इथे तुझ्या नावाने बोटं मोडणार."

भट्टीच्या मागे, कोणाच्या नजरेत येऊ नये अशा जागी, त्यांनी एक फळी ठोकली होती. फळीवर बिघडलेला माल होता. नियमाप्रमाणे तो पुन्हा भट्टीत जायला हवा. पण जो बिघाड मुलांना दाखवण्यासारखा असे, तो मास्तर लपवून ठेवत. एकात बुडबुड्यांची भोकं होती. एकाची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नखाएवढी पातळ होती. एक वरून अगदी निर्दोष दिसे. ते एका हातात धरून मास्तर हातोडीने टिचकी मारायचे आणि त्याचे सरळ दोन भाग व्हायचे. दोन वाटांनी आलेला रस मध्ये भेटला होता, पण भेटेपर्यंत गार झाला होता, त्यामुळे वरवर चिकटला आणि आत सांधलाच नाही. तो तुकडा दर वेळी फुटायचा, म्हणून पुढच्या वर्षासाठी ते तसाच दुसरा शोधून ठेवत.

"चांगला माल गिऱ्हाईक घेऊन जातं," ते मुलांना सांगायचे. "आपल्याला शिकायला हाच उरतो."

तासभर हे चालायचं. मग प्रश्न सुरू व्हायचे आणि बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागायचा.

या तासात आमच्यासोबत आलेले प्राध्यापक आणि कारखान्याचे व्यवस्थापक काचेच्या केबिनमध्ये चहा घेत असत. व्यवस्थापक दारात येऊन हात मिळवायचे, "आपलंच समजा" म्हणायचे आणि आत जायचे. अकरा वर्षांत मी त्यांना वाळूवर पाय ठेवताना पाहिलं नाही. पण परवानगीच्या पत्रावर 'मार्गदर्शक' म्हणून त्यांचंच नाव असे, आणि विद्यार्थ्यांच्या रिपोर्टांतही तेच. 'माननीय व्यवस्थापकांनी अत्यंत मोलाचे मार्गदर्शन केले.' मुलं दर वर्षी आदल्या वर्षीच्या वर्गाचा रिपोर्ट मिळवून उतरवून काढत, आणि पहिल्या वर्षीच्या कोणा मुलाने ते वाक्य शोभेसाठी लिहिलं होतं. त्याच रिपोर्टात 'एक क्रेन नादुरुस्त होती' असंही होतं. ती क्रेन खऱ्या कारखान्यात पुढच्याच आठवड्यात चालू झाली. आमच्या रिपोर्टांमध्ये ती सहा वर्षं बंदच राहिली. मी ते वाचून हसायचे आणि फाइलला लावायचे.

रजिस्टरचं काय करायचे, तेही सांगायला हवं. तारीख, कारखाना, वर्ग, विद्यार्थीसंख्या, सोबतचे प्राध्यापक, मार्गदर्शक, असे रकाने होते. भेटीच्या आदल्या दिवशी दुपारी, हाताशी वेळ असे तेव्हा, मी परवानगीच्या पत्रावरून सगळे रकाने भरून टाकायचे. फक्त विद्यार्थीसंख्या मोकळी ठेवायचे. म्हणजे परत आल्यावर घाईत अक्षर बिघडायचं नाही आणि खाडाखोड व्हायची नाही. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी माझ्या अंगात दोन सवयी मुरवल्या. वही स्वच्छ ठेवायची ही एक, आणि रोज दिवस संपायच्या आत त्या दिवसाचं खरं खरं लिहायचं ही दुसरी. भेटीहून घरी गेले की माझ्या डायरीत मी सगळं लिहायचे. मास्तर काय म्हणाले, कोणाची मूठ चुकली, कोणता तुकडा फुटला, सगळं. ऑफिसच्या रजिस्टरात आदल्या दिवसाचं, घरच्या डायरीत त्या दिवसाचं. या दोहोंची गाठ कधी पडेल असं मला वाटलंच नव्हतं.

अकराव्या वर्षी बस परत निघायच्या वेळी मास्तर माझ्याजवळ आले. शिकवताना ते मध्ये मध्ये थांबत होते, हे मी त्या दिवशी पाहिलं होतं. खोकला आला की पाठ फिरवायचे.

"बाई, तुमच्या वर्कशॉपमधले मोल्डिंगचे मास्तर रिटायर होतायत म्हणे."

"हो. पुढच्या महिन्यात."

"डॉक्टरांनी मला वाळू सोडायला सांगितलंय. छातीत धूळ बसलीय म्हणतात. इथे साचे फोडताना जी उडते ना, ती." त्यांनी शेडकडे हात केला. तिथे त्या क्षणीसुद्धा धुरळा उठलेला होता. "तुमच्याकडे आठवड्यात दोन दिवस वाळू. तीही ओली. मुलांची. तेवढी चालेल म्हणाले डॉक्टर."

"पण डिप्लोमा लागतो मास्तर."

"तेच विचारायचं होतं. दुसरी काही वाट नसते का?"

मी दुसऱ्या दिवशी नियम काढून पाहिला, तेव्हा वाट दिसली. डिप्लोमा नसल्यास संबंधित कामाचा दीर्घ अनुभव, आणि त्यासोबत विद्यार्थ्यांना शिकवण्याचा किमान दहा वर्षांचा अनुभव, 'संस्थेच्या नोंदींवरून सिद्ध होणारा'. वाचून मला इतका आनंद झाला की मी जागेवरून उठले. अकरा वर्षं होती, आणि नोंदी तर माझ्याच कपाटात होत्या.

फॉर्म घेऊन मी रविवारी त्यांच्या घरी गेले. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. त्यांची बायको शर्टांच्या कॉलर शिवायची, खोलीत पांढऱ्या कॉलरींचे गठ्ठे होते. मी फॉर्म भरत होते आणि मास्तर खुर्चीत अंग चोरून बसले होते.

"मला फॉर्म लाभत नाही बाई," ते म्हणाले. "डिप्लोम्याचा भरला होता. त्याच महिन्यात वडिलांची दोन बोटं करवतीत गेली. फॉर्म राहिला, मी वाळूत आलो."

"हा लाभेल," मी म्हणाले.

"ऐक, बाई काय म्हणतात ते," ते बायकोला म्हणाले. "आता घरात मला 'सर' म्हणायचं."

"आधी सरांनी आपलं ताट उचलावं," ती यंत्रावरून मान न उचलता म्हणाली. मग मात्र तिने यंत्र थांबवलं आणि मला विचारलं, "होईल ना हो? डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन वर्षं तिथेच राहिले तर मग ते काही सांगू शकत नाहीत."

"होईल," मी म्हणाले. "का नाही होणार?"

मुलाखत बुधवारी होती. मंगळवारी संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या आधी, निवड समितीपुढे ठेवायला मी रजिस्टर काढलं आणि पहिल्यांदाच तो रकाना वरून खालपर्यंत वाचला. सुंदर, एकसारख्या अक्षरात प्रत्येक ओळीवर व्यवस्थापकांचं नाव. मास्तरांचं एकदाही नाही. रिपोर्टांचे गठ्ठे सोडले. त्यांतही व्यवस्थापकच, आणि ती बंद पडलेली क्रेन.

घरी आले, माळ्यावरून डायऱ्या खाली घेतल्या, अकरा वर्षांतली भेटींची पानं शोधून प्रत्येक पानाशी कागदाची पट्टी घातली. आमचे हे तेव्हा पक्षाघातातून नुकते उठत होते. डावा हात अजून चालत नव्हता. त्यांनी विचारलं तसं मी सगळं सांगितलं.

"डायऱ्या नेऊन काय सांगणार?" ते म्हणाले. "की रजिस्टर अकरा वर्षं खोटं लिहिलं?"

"खोटं नाही. आधी लिहिलं."

"तसं सांग, आणि बघ त्यांच्या तोंडाकडे." मग आपल्या डाव्या हाताकडे बघत ते म्हणाले, "माझं हे असं. तुझी नोकरी गेली तर?"

तरी सकाळी मी डायऱ्या पिशवीत घातल्या आणि नेल्या. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. नेल्या नसत्या तर एक वेळ बरं.

समितीत तिघे होते. प्राचार्य, विभागप्रमुख आणि बाहेरून आलेले एक सदस्य. विभागप्रमुख म्हणजे केबिनमध्ये चहा घेणारे तेच प्राध्यापक. दरम्यान ते वर चढले होते. मास्तर आत जाऊन आले. इस्त्रीच्या शर्टाची बाही त्यांनी मनगटापर्यंत बंद केली होती. माझ्या टेबलाजवळून जाताना ते वाकून म्हणाले, "मी सांगितलंय त्यांना, बाईंना विचारा म्हणून," आणि कारखान्यातली पाळी गाठायची म्हणून घाईने निघून गेले. मला त्यानंतर बोलावलं.

"हे रजिस्टर तुमच्या हातचं?" बाहेरच्या सदस्यांनी विचारलं.

"हो, सर."

"अक्षर फार छान आहे." त्यांनी दोन पानं उलटली. "उमेदवार म्हणतात, अकरा वर्षं मुलांना मीच शिकवलं, बाईंना विचारा. तर तुम्हाला विचारतो. इथे दर वेळी व्यवस्थापकांचं नाव आहे. ही नोंद बरोबर आहे?"

मी विभागप्रमुखांकडे पाहिलं. ते आपल्या पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

"नोंद चुकीची असेल तर तसं सांगा," बाहेरचे सदस्य शांतपणे म्हणाले. "मग ती कोणी चुकीची केली, किती वर्षं केली, हे वेगळं बघावं लागेल. तो विषय आजचा नाही."

पिशवी माझ्या पायाला टेकलेली होती. वाकायचं, एक डायरी काढायची, पट्टीचं पान उघडायचं, एवढंच होतं. माझ्या डोक्यात तेव्हा मास्तर नव्हते. अकरा वर्षं माझं रजिस्टर इतर विभागांना नमुना म्हणून दाखवलं जात होतं, ते माझ्या डोक्यात होतं. घरी खुर्चीत बसलेले आमचे हेही होते, पण ते नंतर आठवले. क्रम मला नीट ठाऊक आहे.

"बरोबर आहे, सर," मी म्हणाले.

"म्हणजे मार्गदर्शन व्यवस्थापकांनीच केलं?"

"हो."

"ठीक. नोंदी अशाच ठेवत चला."

नकाराचं पत्र मीच टाइप केलं. 'संस्थेच्या नोंदींवरून आपला अध्यापनाचा अनुभव सिद्ध होत नसल्याने...' तीन ओळींचं पत्र, एकही चूक न करता. जागेवर डिप्लोमा झालेला एक तरुण आला. तो काही वाईट नव्हता. मन लावून शिकवायचा. पण स्वतःच शिकत होता.

पुढच्या वर्षी मी पुन्हा बसमधून उतरले तेव्हा मास्तर नेहमीच्या जागी उभे होते.

"बाई, झालं नाही आपलं," ते म्हणाले.

'आपलं' म्हणाले. मी काहीतरी पुटपुटले.

"तुम्ही फॉर्म किती व्यवस्थित भरला होता. तरी मी म्हटलं ना, मला लाभत नाही. आणि ते बाहेरचे साहेब. त्यांच्या बुटाला नाडी होती. तेव्हाच मी ओळखलं." ते स्वतःच हसले आणि मुलांकडे वळले. "चला रे. बूट दाखवा."

त्यांनी सगळं पूर्वीसारखंच शिकवलं. चाळीस मुठी झाल्या. फक्त पाटी आता दुसरा कामगार धरत होता, आणि 'आवळ' म्हटल्यावर ते पुढचं वाक्य दोन श्वासांनंतर बोलत. त्या वर्षी रजिस्टर मी परत आल्यावर भरलं आणि मार्गदर्शकाच्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. आता त्याने कोणाचं काय होणार होतं? त्याच्या पुढच्या वर्षी माझ्याऐवजी ग्रंथालयातल्या बाईंना पाठवावं, माझे गुडघे दुखतात, असा अर्ज मी प्राचार्यांना दिला. गुडघे दुखत नव्हते.

असा काही काळ गेला. मग एकदा भेटीहून परतलेली मुलं ऑफिसात हजेरीचा कागद द्यायला आली. मी सहज विचारावं तसं विचारलं, "मास्तर कसे आहेत?"

"कोण मास्तर?" एक मुलगा म्हणाला. "आम्हाला केबिनमध्ये बसवलं. भिंतीवर चित्रं दाखवली. मग काचेतून भट्टी पाहिली."

"वाळू?"

"वाळूत नाही सोडलं. धूळ असते म्हणाले."

त्याच वर्षी मी रिटायर झाले आणि चार महिन्यांत आमचे हे गेले. घर रिकामं झालं. ज्यांच्यासाठी नोकरी टिकवली असं मी मनाला सांगत आले होते, ते नव्हते, नोकरीही नव्हती. राहिलं होतं ते एक वाक्य, 'बरोबर आहे, सर'. एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी सायकलच्या दुकानावरचा तो जिना चढले.

मास्तर खिडकीशी तीन उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की श्वास कोंडायचा. हातांची नखं स्वच्छ झाली होती. कोपऱ्यात बायको यंत्रावर कॉलर शिवत होती. मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला परत फिरावंसं वाटलं.

"या बाई! यादी आणलीत का?" शब्दाशब्दाला थांबत ते म्हणाले. "आज विद्यार्थी एकच. तोही... बसलेला."

आम्ही इकडचं तिकडचं बोललो. आमच्या ह्यांचं कळल्यावर त्यांनी मान खाली घातली. कोणकोणती मुलं कुठे लागली ते त्यांनी विचारलं, मला ठाऊक होतं ते मी सांगितलं. डिझाइनला जाणारी ती मुलगी आता एका मोठ्या फाउंड्रीची प्रमुख होती. "दोनदा आवळली होती तिने," ते बायकोला म्हणाले. मग मी बोलले.

"मास्तर, तेव्हा समितीने मला विचारलं होतं."

"कधी?"

"त्याच दिवशी. तुम्ही गेल्यावर. मुलांना शिकवलं कोणी, असं विचारलं."

"मग?"

"मी व्यवस्थापकांचं नाव सांगितलं."

यंत्र थांबलं.

मी सगळं सांगितलं. आदल्या दिवशी भरलेलं रजिस्टर, पायाशी ठेवलेली पिशवी, काही वगळलं नाही. ते ऐकत राहिले. मध्ये एकदाच बोलले.

"आदल्या दिवशी लिहायचात?"

"हो."

"आम्ही वाळू भिजवायच्याही आधी?"

"हो."

त्यांना हसू आलं असावं. ते हसायला गेले आणि खोकल्यात सापडले. बायकोने उठून पाठीला हात लावला. बराच वेळ गेला. मग डोळे पुसून ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वाटलं होतं, तुम्हाला त्यांनी विचारलंच नसेल."

एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही करता आलं असतं, पाया पडता आलं असतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकत होतं.

"बाईंना चहा दे," काही वेळाने ते म्हणाले.

चहा आला. मी तो प्यायले. कप ठेवून मी "येते" म्हणाले, तेव्हा त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

बायको माझ्यासोबत जिना उतरून रस्त्यापर्यंत आली. कॉलरचा दोरा तिच्या बाहीला चिकटला होता.

"खरं सांगायचं होतं तर तेव्हा सांगायचं बाई," ती म्हणाली. "आता कशाला सांगितलंत?"

"मला राहवलं नाही."

"तुम्हाला राहवलं नाही." तिने ते माझ्याच शब्दांत पुन्हा म्हटलं. टोमणा नव्हता त्यात, जणू नीट समजून घेत होती. "इतकी वर्षं ते एकच सांगायचे. येईल त्याला. आपलं नशीब, बाईंना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाईंनी सांगितलं असतं. जागा नाही मिळाली ते नाही मिळालं. पण तिथे आपल्या बाजूचं एक माणूस होतं, एवढं त्यांच्यापाशी होतं. आता ते काय सांगणार?"

दुकानातला माणूस चाकाला हवा भरायचा थांबून आमच्याकडे बघत होता. ती क्षणभर वाट बघून वळली आणि जिना चढून गेली.

मास्तर त्यानंतर सतरा दिवसांनी गेले. मला ते महिन्याभराने, ग्रंथालयातल्या बाईंकडून कळलं. त्या सतरा दिवसांत कोणी भेटायला आलं तर ते काय सांगत होते, हे विचारायला मी तो जिना पुन्हा चढले नाही.